खडीच्या वाटेने आसिएत्ता: सूसा ते सेस्त्रिएरे, ग्रॅव्हल सायकलवर

इटलीतल्या तोरिनोच्या पश्चिमेला, सूसा आणि किझोने या दोन खोऱ्यांमधल्या डोंगरधारेवरून एक जुना लष्करी कच्चा रस्ता जातो. त्याचं नाव आसिएत्ता. १९ जुलै १७४७ रोजी पिएमोंतेच्या फौजेने इथेच फ्रेंचांना मागे रेटलं होतं. आज हा सगळा टापू ओर्सिएरा-रोच्चाव्रे आणि ग्रान बोस्को दी साल्बेर्त्रान या निसर्गउद्यानांच्या अंगाखांद्यावर आहे. सूसातून फिनेस्त्रे खिंड चढायची, पलीकडे थोडं उतरून आसिएत्ताला लागायचं, धारेवरून सेस्त्रिएरे गाठायचं आणि डांबरी रस्त्याने उल्क्स स्टेशनला उतरायचं. एकूण सुमारे ८० किमी आणि चढ अडीच हजार मीटरच्या आसपास. इथे पाय कमी पडले म्हणून माघारी फिरणारे थोडेच असतात. चुकीचे गिअर, टायरमधली चुकीची हवा किंवा उशिरा निघणं, यांतलं काहीतरी एक बहुतेकांना नडतं.

आधी गिअर. सूसा साधारण ५०० मीटरवर आणि फिनेस्त्रे २,१७८ मीटरवर आहे. मधलं अंतर १८.५ किमी, म्हणजे सरासरी चढ नऊ टक्क्यांच्या वर, आणि मध्ये श्वास घ्यायला सपाटी जवळजवळ नाहीच. सिंहगडाचा घाट सलग दोनदा चढला तरी एवढी उंची भरत नाही. पुढे ४० दातांची चेनरिंग (पॅडलजवळचं दातेरी चक्र) आणि मागे सर्वांत मोठं चक्र ३४ दातांचं असेल, तर मिनिटाला ६० फेऱ्या मारल्यावर वेग ताशी ९ किमी येतो. ७५ किलोच्या माणसाला, सायकल आणि सामान धरून, त्यासाठी २३० वॅटच्या आसपास जोर लावावा लागतो, तोही दोन तास. हौशी सायकलस्वाराला ते झेपत नाही. मग फेऱ्या ४५ वर येतात, गुडघे दुखू लागतात आणि खडी सुरू झाली की मागचं चाक झटक्यागणिक घसरतं. ४०ला ४२ लावलं तर वेग ७.४ वर येतो आणि काम १९० वॅटच्या आत होतं. बॅगा घेऊन जाणार असाल तर ४०ला ५१ किंवा ५२ हवं, किंवा पुढे ३० ची छोटी चेनरिंग. हिशेब साधा आहे: पुढचे दात भागिले मागचे दात, बॅगा असतील तर हे उत्तर ०.८च्या खाली आलं पाहिजे. मोठी कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बसवताना डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ती पेलतो का ते तपासा आणि चेन नव्याने मोजून लावा. जुन्याच लांबीची चेन मोठ्या चक्रावर ताणली गेली की डिरेलरचा हँगर (त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा) वाकतो. सुटा हँगर बॅगेत असू द्या. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि डोंगरातल्या दुकानात मिळेलच असं नाही.

टायर ४० ते ४५ मिमी, ट्यूबलेस. ३५ मिमीवरही लोक जातात, पण धारेवरच्या शेवटच्या, बास्से खिंडीच्या आसपासचे सुटे दगड रिमला लागायला लागले की पस्तावतात. ७५ किलो वजनाला ४५ मिमीच्या टायरमध्ये पुढे ३० आणि मागे ३३ पीएसआय ठेवा. वजन दहा किलोने बदललं तर हवा दोन-तीन पीएसआय वर-खाली करा. वर गेल्यावर हवा विरळ होते म्हणून टायर कडक होतील, अशी भीती काहींना वाटते. तसं फारसं होत नाही. दोन हजार मीटर चढल्यावर बाहेरचा दाब कमी झाल्याने टायरमध्ये तीनेक पीएसआय वाढतात, पण वर थंडी असली तर त्यातले थोडे उतरतात. पहाटे खाली मोजलेलं माप वर थोडंफार तसंच राहतं.

सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) प्रत्येक टायरला ६० ते ८० मिली. सायकल पुण्या-मुंबईहून विमानाने नेत असाल तर निघायच्या आठवड्यात टायर उघडून बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकून त्याची रबरी साल होते. तशा टायरला प्लग लावला तरी भोकाभोवती भरायला आत द्रव उरलेला नसतो आणि हवा झिरपतच राहते. सोबत प्लगचा संच, एक ट्यूब, टायरचा कड फाटला तर आतून लावायला जाड प्लास्टिकचा तुकडा, व्हॉल्व्हची चावी आणि हातपंप घ्या. गॅसच्या नळकांड्या विमानात अडकू शकतात, म्हणून भरवसा पंपावरच ठेवा.

ब्रेककडे मात्र कुणी बघत नाही. फिनेस्त्रेहून पिआन देल्लाल्पेपर्यंतची, म्हणजे आसिएत्ताचा रस्ता जिथे लागतो तिथपर्यंतची उतरण छोटी आणि डांबरी आहे. खरी परीक्षा बास्सेहून पुढे, दमलेल्या हातांनी सेस्त्रिएरे आणि तिथून उल्क्सच्या वाटेवरच्या चेझानापर्यंत उतरताना होते. रेझिनचे पॅड सतत दाबून ठेवले की तापून चकचकीत होतात. लिव्हर पूर्ण दाबली तरी सायकल थांबत नाही, नुसती कुरकुरते. त्यापेक्षा मेटलचे पॅड बरे. आवाज करतात, पण उष्णता सोसतात. फक्त रोटरवर (ब्रेकच्या डिस्कवर) ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असेल तर त्याला मेटल पॅड लावू नका, रोटर लवकर खाऊन जातील. नवे पॅड घरीच बसवून घ्या: ताशी २५च्या वेगावरून चाक लॉक न करता चालण्याच्या वेगापर्यंत यायचं, असं पंधरा-वीस वेळा. उतारावर ब्रेक घासत बसण्यापेक्षा जोरात दाबून वेग पाडा, मग पूर्ण सोडा आणि डिस्कला वारा लागू द्या.

मुक्काम आदल्या रात्री सूसातच करा. तोरिनोहून सूसाला थेट लोकल आहे. नसेल तर बुस्सोलेनोला गाडी बदलायची. सकाळी सहाला पॅडलवर पाय हवा. जुलै-ऑगस्टमध्ये धारेवर दुपारनंतर ढग जमतात आणि वीज कडाडते तेव्हा तिथे आडोसा नसतो, झाडही नसतं. दुपारी एकपर्यंत बास्से खिंड ओलांडायची, हे डोक्यात पक्कं असू द्या. आसिएत्ताच्या खिंडीवर पोहोचायलाच साडेबारा झाले आणि पश्चिमेला काळं दिसू लागलं, तर पुढे रेटू नका. पिआन देल्लाल्पेला परत येऊन डांबरी रस्त्याने उस्सो किंवा फेनेस्त्रेल्लेला उतरा. ती बाजू किझोने खोऱ्याची आहे, रेल्वे तिथून लांब पडते, तेवढी गैरसोय सोसावी.

बर्फ साधारण जूनपर्यंत रस्ता अडवतं. उन्हाळ्यात जुलै-ऑगस्टमधल्या बुधवारी आणि शनिवारी, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, आसिएत्ता मोटारगाड्यांना बंद ठेवण्याची पद्धत आहे. त्या वर्षीचा आदेश बघून यातलाच वार धरा. इतर दिवशी मोटरसायकलींची धूळ एवढी उडते की चेन करकरू लागते. कोरडं वंगण वापरा. ओलसर तेलाने धुळीची पेस्ट होते.

सूसातून बाटल्या भरून निघा, मेआना गावाच्या वर पाण्याची खात्री धरू नका. दीड लिटर घ्या, बाटलीमागे चिमूटभर मीठ. खाणं तासाला ५० ते ६० ग्रॅम कर्बोदकं: दोन केळी, किंवा आठ-नऊ खजूर. गूळपोळीही चालते, खिशात चुरा होतो एवढीच तिची तक्रार. आसिएत्ता खिंडीजवळ हंगामात उघडी असणारी रिफ्यूजिओ, म्हणजे डोंगरातली धर्मशाळा आहे. ती चालू आहे का ते आधीच विचारा.

पहिले साडेदहा किमी डांबर, गर्द झाडीत वळणावर वळण. कोल्लेत्तो दी मेआनानंतर, १,४५० मीटरच्या आसपास, खडी सुरू होते आणि माथ्यापर्यंतचे शेवटचे आठ किमी तीच राहते. २००५ मध्ये जिरो दितालिया ही इटलीची मोठी सायकल शर्यत पहिल्यांदा इथून गेली. शर्यतीसाठी रोलर फिरवून दाबलेला असला तर हा पट्टा हाताच्या तळव्यासारखा गुळगुळीत मिळतो. जिकडे चाकाच्या दोन घट्ट रेषा दिसतात तिकडेच राहा, मधल्या उंचवट्यावर खडी सुटी असते. उभं राहून पॅडल मारू नका. वजन पुढे जातं आणि मागचं चाक जागच्या जागी फिरतं. सीटच्या पुढच्या टोकाशी सरकून बसा, कोपर वाकवा, हँडल हलकंच धरा. चढावर थांबलात तर सरळ सुरुवात न करता रस्त्याच्या आडव्या दिशेने निघा आणि दोन-चार फेऱ्या झाल्यावर सायकल वर वळवा.

पिआन देल्लाल्पेहून आसिएत्ता खिंड (२,४७२ मी.) चढताना चढ नरम पडतो, कारण हा रस्ता तोफा आणि रसद वर नेण्यासाठी आखला होता. पण हवा विरळ असते. कळसूबाईच्या माथ्यापेक्षा आपण आठशे मीटर वर असतो, तेव्हा नेहमीपेक्षा एक गिअर हलका ठेवा. पुढे लाउझों (२,४९७), ब्लेजिए (२,३८१) करत रस्ता खाली-वर होतो आणि शेवटी बास्सेला (२,४२४) पुन्हा चढतो. हा शेवटचा चढ नकाशावर किरकोळ वाटतो, पाय मात्र त्याला विसरत नाहीत. उतारावर वळणाच्या आतल्या बाजूला गाड्यांच्या ब्रेकने खवले पडलेले असतात आणि बाहेर सुटी खडी. म्हणून वेग वळणाआधीच, सरळ रस्त्यावर पाडा. वळताना बाहेरचा पाय खाली दाबा आणि पुढच्या ब्रेकला हात लावू नका.

या जंगलात लांडगे परतले आहेत, त्यामुळे मेंढ्यांच्या कळपासोबत मोठे पांढरे राखणदार कुत्रे असतात. कळप दिसला की सायकलवरून उतरा, सायकल कुत्रा आणि आपल्या मधे धरा, हळू बोलत लांबून वळसा घाला. पळालात तर तो पाठलाग करणारच. कुंपणाचं दार उघडलं तर लगेच लावा. वळणं तोडून गवतातून आडवं उतरू नका. तिथली माती उघडी पडली की पावसात धुपते आणि तो भाग उद्यानात मोडतो.

सूसात २८ अंश असतील तर धारेवर १५ असतात, वारा वेगळा. सेस्त्रिएरेहून उतरण्याआधी वाऱ्याचं जाकीट आणि बंद हातमोजे घाला, नाहीतर चेझानापर्यंत बोटं ब्रेकवर वळत नाहीत. चेझानाहून उल्क्स ११ किमी, उतार सौम्य. स्टेशनच्या पाटीवर उल्क्स-चेझाना-क्लाविएरे-सेस्त्रिएरे असं लांबलचक नाव आहे. सायकलचं चिन्ह असलेला डबा कुठे थांबतो ते फलाटावर विचारून ठेवा, गाडी फार वेळ थांबत नाही. आणीबाणीत ११२. धारेवर रेंज येते-जाते, म्हणून नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या.