प्रबंधाचं पुस्तक करायचं असेल तर

पीएच.डी. झाली की सहा महिन्यांत माणसं विचारायला येतात, "मॅडम, प्रबंध छापायचाय. कुठे देऊ?" मी पुण्यात संशोधनपर पुस्तकांचं संपादन करते, इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांत. माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे: कुठे द्यायचं ते नंतर बघू, आधी त्या प्रबंधात पुस्तक कुठे आहे ते शोधा.

प्रबंध परीक्षकांसाठी लिहिलेला असतो. म्हणून त्यात गृहीतकं, पूर्वसाहित्याचा आढावा, संशोधन पद्धती ही प्रकरणं येतात. पुस्तकातून ती सरळ काढा. त्यातलं जे खरोखर लागतं ते तळटिपांत बसतं. धुळ्याकडच्या एका अभ्यासकाचा पांझरा नदीवरच्या फड पद्धतीवरचा, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून चालवलेल्या पाणीवाटपावरचा प्रबंध माझ्याकडे आला होता. (फड म्हणजे एकत्र पाणी मिळणारा शेतांचा पट्टा.) सुरुवातीची पानंच्या पानं पाण्याचं महत्त्व, सिंचनाचे प्रकार आणि व्याख्या यांतच गेलेली. पार मागे, परिशिष्टात, एका म्हाताऱ्या पाटकऱ्याची, म्हणजे पाटाचं पाणी सोडणाऱ्या माणसाची मुलाखत होती. अख्ख्या फडात एकच पीक घ्यायचं ते कोण ठरवायचं, पाणी कमी पडलं तर कुठला फड कोरडा राहायचा, कोणी पाळी मोडली तर गाव काय करायचं, हे सगळं त्याने सांगितलेलं. पुस्तक तिथे होतं. आम्ही ती मुलाखत उचलून पहिल्या प्रकरणात आणली आणि पुढची प्रकरणं तिच्यातून निघणाऱ्या प्रश्नांवर उभी केली. तुमच्याही प्रबंधात अशी एखादी जागा असणार, आणि ती बहुधा तुम्ही मागच्या पानांत ढकलली असणार.

ही फेरमांडणी करावीच लागते, कारण २००९ च्या नियमांपासून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) प्रबंध ऑनलाइन ठेवणं सक्तीचं केलं आहे. तुमचा प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात फुकट वाचता येत असेल, तर तोच पुन्हा छापायला कोणतीही चांगली प्रेस तयार होत नाही.

आता प्रेसकडे वळू. युनिव्हर्सिटी प्रेस म्हणजे छापखाना, ही समजूत आधी सोडा; ती विद्यापीठाची प्रकाशनसंस्था असते. ऑक्सफर्डमध्ये पहिलं पुस्तक १४७८ साली छापलं गेलं. त्याच ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २०२१ साली स्वतःचा उरलासुरला छपाई विभागही बंद केला. छपाई आज कुठूनही करून घेता येते. प्रेसकडे जायचं ते निवड, बाहेरच्या तज्ज्ञांकडून परीक्षण आणि चांगलं संपादन यांसाठी. ही तीन कामं होणार नसतील तर मुखपृष्ठावर कितीही मोठं नाव असलं तरी उपयोग नाही.

ही कामं महाग आहेत. अमेरिकेतल्या २० युनिव्हर्सिटी प्रेसचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका संशोधनग्रंथाचा खर्च कमीत कमी १५ हजार डॉलरच्या आसपास निघाला, आणि काही पुस्तकांचा तर लाखाच्या वर. उलट ग्रंथालयांचे पैसे संशोधनपत्रिकांच्या वर्गण्यांत जायला लागले तशी पुस्तकांची खरेदी आटली. एके काळी अशा ग्रंथाच्या हजार-दोन हजार प्रती सहज खपत; आता बऱ्याच पुस्तकांच्या काहीशेच जातात. स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठानेही २०१९ साली आपल्या प्रेसचं अनुदान थांबवायचं ठरवलं होतं. प्राध्यापकांनी आवाज उठवला तेव्हा माघार घेतली. त्यामुळे तुमचा प्रस्ताव हातात घेणारा संपादक "हे पुस्तक कोण विकत घेणार?" असं विचारतो तेव्हा त्याला धंदेवाईक म्हणू नका. त्याला आपल्या समितीपुढे तुमची बाजू मांडायची असते.

प्रस्ताव चार-पाच पानांचा पुरतो. पहिल्या परिच्छेदात पुस्तकाचं म्हणणं सांगा, विषय नको. "हे पुस्तक खानदेशातील सिंचनाचा अभ्यास करते" या वाक्याने काही होत नाही. "पांझरेच्या काठी पाणीवाटपाचे नियम शेतकऱ्यांनी स्वतः घडवले आणि सरकारी कालव्यांच्या काळातही ते का टिकले, हे पुस्तक दाखवतं," असं लिहा. मग प्रकरणांचा थोडक्यात गोषवारा, शब्दसंख्या, नकाशे-छायाचित्रं किती, संहिता कधी पूर्ण होईल, आणि याच विषयावरच्या तीन-चार पुस्तकांपेक्षा तुमचं वेगळं काय. प्रेस निवडताना तुमच्या संदर्भसूचीतली पुस्तकं कुणी काढली आहेत ते बघा. तीच तुमची यादी. प्रस्ताव दोन-तीन ठिकाणी पाठवायला हरकत नसते, मात्र तसं प्रत्येकाला कळवा. पूर्ण संहिता परीक्षणासाठी एका वेळी एकाच प्रेसला द्या.

परीक्षणाचे अहवाल आले की दोन दिवस उत्तर लिहू नका. मग मुद्देसूद लिहा: हे मान्य, असं बदलेन, हे मान्य नाही, कारण असं. सगळंच मान्य करणाऱ्या लेखकाबद्दल संपादकाला शंका येते.

एका गोष्टीबद्दल मला फार कळकळीने सांगायचं आहे. प्राध्यापकांच्या निवडी-बढतीसाठीच्या २०१८ च्या यूजीसी नियमांत आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२ आणि राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १० गुण आहेत. या गुणांसाठी पंधरा दिवसांत पुस्तक छापून देणारी दुकानं गल्लोगल्ली झाली आहेत. ही दुकानं आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) दाखवतात. आयएसबीएन भारतात फुकट मिळतो. त्याचा पुस्तकाच्या दर्जाशी काडीचाही संबंध नाही. परीक्षण कोण करणार हे विचारा. उत्तरात पॅकेजचा दर आला तर फोन ठेवा. पाच वर्षांची मेहनत अशा ठिकाणी गेली की ती कोणी वाचत नाही.

मुक्त प्रवेशाचं, म्हणजे पुस्तक इंटरनेटवर सगळ्यांना फुकट खुलं ठेवण्याचं प्रकरण वेगळं आहे, त्याला घाबरू नका. लंडनची यूसीएल प्रेस २०१५ पासून आपली पुस्तकं कोणालाही फुकट उतरवून घेऊ देते, आणि परीक्षण नेहमीसारखंच कडक असतं. काही प्रेस मात्र यासाठी लेखकाकडून हजारो पौंड मागतात. ते पैसे संस्थेने किंवा संशोधन निधीने द्यायचे असतात. पगारातून देऊ नका. एमआयटी प्रेसने २०२१ मध्ये ग्रंथालयांच्या सामायिक वर्गणीतून हा खर्च भागवायची पद्धत आणली, त्यामुळे लेखकाला झळ बसत नाही. माझ्या मते पुढचा रस्ता हाच.

करारावर सही करण्याआधी दोन कलमं वाचा. पहिलं, दक्षिण आशियासाठी वेगळी आवृत्ती. प्राची देशपांडे यांचं मराठी इतिहासलेखनावरचं पुस्तक तिकडे अमेरिकेत कोलंबिया युनिव्हर्सिटी प्रेसने आणि इकडे भारतात पर्मनंट ब्लॅक या प्रकाशनाने काढलं. अशी सोय नसेल तर ऐंशी-नव्वद पौंडांचं पुस्तक धुळ्याच्या कॉलेजात कधीच पोचणार नाही. दुसरं, मराठी अनुवादाचे हक्क. ते स्वतःकडे मागून घ्या. बहुतेक प्रेस देतात.

मराठीतच लिहिणार असाल तर वाट थोडी निराळी. आपल्याकडे मोठी विद्याकामं बरीचशी विद्यापीठांच्या बाहेर झाली: भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती, वाईचा विश्वकोश, साहित्य संस्कृती मंडळाचे ग्रंथ. मंडळाची कितीतरी पुस्तकं आज फुकट वाचता येतात. खाजगी प्रकाशकाकडे जाणार असाल तर तज्ज्ञ परीक्षणाची सोय बहुधा तुम्हालाच करावी लागेल. तुमच्या मार्गदर्शकांशी संबंध नसलेले दोन जाणकार गाठा, त्यांना छापील संहिता द्या, आणि लेखी अभिप्राय मागा.

संहिता युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमधला मजकूर ई-पुस्तकात शोधता येत नाही आणि रूपांतर करताना जोडाक्षरं मोडतात. शेवटी सूची. व्यक्ती, स्थळं आणि विषय यांची सूची नसलेला मराठी ग्रंथ मी अर्धवट मानते. पानं पक्की झाल्यावर ती स्वतः करा, आठवडाभराचं काम आहे. 'पाटकरी' शोधणाऱ्याला थेट पान सापडलं पाहिजे, आणि 'पाणीवाटप' पाहणाऱ्याला 'फड' या नोंदीकडे पाठवलं पाहिजे.