कबड्डीवाल्यांनो, जिममधल्या या चुका टाळा

२०१४ ला प्रो कबड्डी आली आणि मंडळातली पोरंपण जिमला जायला लागली, हे चांगलंच झालं. पण जिम करूनही कुणाचा गुडघा जातो, कुणाचा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, ओढला जातो आणि मग जुने लोक म्हणतात वजनं मारून अंग जड झालं म्हणून लागलं. तसं नाहीये हो. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१४ मध्येच २५ अभ्यास एकत्र तपासले, त्यात स्ट्रेंथ ट्रेनिंग करणाऱ्या गटांमधल्या दुखापती एक तृतीयांशापेक्षाही खाली आलेल्या, आणि नुसत्या स्ट्रेचिंगचा काही फायदा दिसला नाही. म्हणजे वजनांचा दोष नाही, आपण चुकीच्या जागी ताकद लावतोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे छाती आणि बायसेप्स. चढाईत काय होतं बघा, रेडर फुल स्पीडने जातो, एका पायावर ब्रेक मारतो, वळतो आणि तेवढ्यात कोपऱ्यातला डिफेंडर घोटा धरतो. सगळा भार त्या एका पायाच्या हॅमस्ट्रिंगवर, गुडघ्यावर आणि जांघेवर येतो, तिथे बेंच प्रेस काय करणार? थांबण्याची ताकद हवी. त्यासाठी नॉर्डिक नावाचा व्यायाम करा. गुडघ्याखाली मॅट घ्या, पार्टनरने मागून घोटे दाबून धरायचे, कंबर अजिबात न वाकवता सरळ पुढे हळूहळू पडत जायचं, धरवेल तितकं धरायचं आणि शेवटी हात टेकायचे. २०११ च्या डेन्मार्कमधल्याच अभ्यासात ५० टीमच्या फुटबॉलपटूंवर हे करून बघितलं, हॅमस्ट्रिंगच्या नव्या दुखापती साधारण ६० टक्के आणि आधी झालेल्या परत होण्याचं प्रमाण ८५ टक्के कमी झालं. एवढा स्वस्त व्यायाम, मशीन नको काही नको, तरी आपल्याकडे किती जण करतात?

आता हे वाचून उद्याच दहा-दहाचे तीन सेट मारू नका प्लीज. मांडी अशी धरते की चार दिवस संडासला बसता येत नाही आणि मग पोरं तो व्यायाम कायमचा सोडतात. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाच-पाचचे दोन सेट, दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस, मग वाढवा. गोळा येत असेल तर छातीला रबर बँड लावून मागून कुणालातरी धरायला सांगा, नाहीतर अर्ध्यावरच हात टेका.

जांघेचंही तेच, बोनससाठी, म्हणजे बोनस रेषेपलीकडे पाय टाकून जादा गुण घ्यायला, पाय लांब टाकताना ती ओढली जाते आणि तिला कुणी ट्रेनच करत नाही. कोपनहेगन प्लँक करा, सोपा आहे, कुशीवर व्हायचं, वरचा पाय बाकावर आणि अंग आडवं उचलून धरायचं.

मग वजनगटाची भीती. सीनियर पुरुषांना ८५ किलोची मर्यादा, म्हणून काही जण स्क्वॉट-डेडलिफ्ट बंदच करतात, वर स्पर्धेआधी पाणी पिणं तोडतात, जे अजून वाईट. एका सेटमध्ये तीन ते पाच रेप्स (म्हणजे तितक्या वेळा उचलणं) जड वजनाने, मधे तीन मिनिटं पूर्ण आराम, याने ताकद वाढते पण अंग फारसं भरत नाही, अंग मुख्यतः ताटातल्या जेवणावर भरतं.

सीझन सुरू झाला की जिम बंद, ही चूक तर मोठ्या टीममध्येपण दिसते. तीन-चार आठवड्यांत हॅमस्ट्रिंगची ताकद उतरायला लागते आणि तेव्हाच मॅचेसचा मारा सुरू असतो. आठवड्यातून एक-दोनदा करा, सेट कमी करा पण वजन तेच ठेवा, आणि मॅचच्या आदल्या दिवशी नाही.

स्क्वॉटमध्ये गुडघे आत येतायत का? वजन उतरवा. एका पायावर उडीतून उतरताना समोरून मोबाईलवर शूट करा, गुडघा अंगठ्याच्या आत पडत असेल तर आधी स्प्लिट स्क्वॉट करा, म्हणजे एक पाय पुढे, एक मागे ठेवून पुढच्या पायावर खाली बसायचं.

आणि एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट, फाटून ऑपरेशन झालेल्यांनो, घाई करू नका. ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत जितका उशीर तितका गुडघा परत जायचा धोका खाली येतो, २०१६ च्या एका अभ्यासात दर महिन्याला जवळपास निम्म्याने कमी होताना दिसलंय. पण नुसते महिने मोजून पण चालत नाही, लागलेला पाय चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के ताकदीचा झालाय का हे फिजिओकडून मोजून घ्या, आणि तोपर्यंत कोच कितीही म्हणाला तरी मॅटवर चढाईला उतरू नका.