मुलांच्या खोलीत ढग-चंद्राचा दिवा लावताय? या चुका टाळा

मुलीच्या खोलीसाठी ढगाच्या आकाराचा सिलिंग लाईट आणला, तेव्हा दुकानात आम्ही त्याची खालची बाजूच पाहिली. घरी वायरमनने वरचा पत्रा काढला, तर ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा छोटा डबा, नुसत्या दुहेरी टेपने चिकटवलेला होता. वायरही पत्र्याच्या धारदार भोकातून तशीच बाहेर काढलेली, मध्ये वायर कापू नये म्हणून लागणारं रबरी बुश नाही. दिवा त्याच दिवशी परत केला. तेव्हापासून मी दिवा आधी उलटा करून बघते.

उलटा केल्यावर ड्रायव्हर स्क्रूने बसवलाय का, वायरला क्लॅम्प आहे का, ते पाहा. बेस धातूचा असेल आणि त्यावर चौकोनात चौकोन ही दुहेरी इन्सुलेशनची खूण नसेल, तर अर्थिंगचा स्क्रू हवाच. खोक्यावरचा बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी क्रमांक ‘आर’ अक्षराने सुरू होतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका आणि कंपनीचं नाव जुळतं का ते बघा.

दिवा आपण उभ्याने पारखतो, मूल मात्र तो पाठीवर पडून, थेट डोळ्यांत घेतं, हे आपल्या लक्षातच येत नाही. म्हणून दिवा लावून त्याच्या खाली आडवं व्हा. कव्हरमधून एलईडीचे ठिपके वेगवेगळे दिसत असतील तर तो दिवा मुलांच्या खोलीचा नाही. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करून बघा. ठळक काळे पट्टे सरकताना दिसले तर ड्रायव्हर हलक्या दर्जाचा आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. रंग ३००० केल्विनच्या आसपासचा, पिवळसर घ्या. ६५०० केल्विनचा पांढराफटक उजेड झोपेच्या वेळी नकोसा होतो.

बसवताना सगळ्यात मोठी चूक पीओपीच्या फॉल्स सिलिंगमध्ये होते. जिप्समचा बोर्ड जेमतेम १२ मिलिमीटरचा, त्यात नुसते स्क्रू पिळून जड दिवा लावला की पंख्याच्या कंपनांनी ते हळूहळू सैल होतात. वजन स्लॅबवरच घ्यायचं: फास्टनर स्लॅबमध्ये ठोकून त्याला रॉड किंवा साखळी. ‘काही होत नाही हो’ असं कुणी म्हणालं तरी खालच्या पलंगावर कोण झोपणार आहे ते आठवा आणि अडून बसा. दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर येऊ देऊ नका, नाहीतर खोलीभर सावल्या नाचत राहतात.

बटण बंद केल्यावरही दिवा मंद जळतोय? कधी बटणातल्या छोट्या इंडिकेटरमुळे तसं होतं. पण जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) जोडलेलं असू शकतं. मग बटण बंद असूनही दिव्यात करंट असतो. स्टुलावर चढून स्वतः हात घालू नका. मेन स्विच पाडून वायरमनला बोलवा, फेज बटणावर घ्यायला सांगा. दिवा दोन-तीन तास चालू राहिल्यावर जळका वास आला तर तो लगेच बंद करून काढून घ्यायला सांगा.

रिमोट असेल तर त्याचं झाकण स्क्रूने बंद होणारंच हवं. आतला नाण्याएवढा सेल मुलाने गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. नुसती शंका आली तरी वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.