एसएटी (अमेरिकी कॉलेजांची प्रवेशपरीक्षा) भारी, पण जीपीए (शाळेतल्या ग्रेडची सरासरी) मार खातोय?

अमेरिकेत अर्ज करताना आधी कॉलेजांची यादी तपासा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेश देताना एसएटीचे किंवा तशाच एसीटी परीक्षेचे गुण बघतच नाही, त्यामुळे १६०० पैकी १५५० असले तरी तिथे उपयोग शून्य. एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. तिथे गुण निदान वाचले तरी जातात.

नुसते मोठे गुण आणि पडके ग्रेड एकत्र दिसले की 'हुशार पण आळशी' असाच अर्थ निघतो. खरं कारण असेल (आजारपण, घरची अडचण, शाळाबदल) तर कॉमन ॲपच्या (अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) जादा माहितीच्या रकान्यात चार-पाच वाक्यांत सांगा. रडगाणं नको. मुख्य निबंध त्यात घालवू नका. शाळेच्या काउन्सेलरच्या शिफारसपत्रातही तेच कारण आलं तर वजन वाढतं. आणि बारावीचं पहिलं सत्र जीव तोडून करा, ते ग्रेड मिड-इयर रिपोर्टमधून (शाळा वर्षाच्या मध्यात पाठवते तो अहवाल) कॉलेजकडे जातात.