वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणं एकाच ॲपवर कशी आणावीत?

फोन बाजूला ठेवा आणि आधी कागद-पेन घ्या. घरभर फिरून प्रत्येक स्मार्ट उपकरणापुढे तीन गोष्टी लिहा: कंपनी कोणती, सध्या ते कुठल्या ॲपवर चालतं आणि खोक्यावर किंवा उपकरणावर कोणती चिन्हं छापली आहेत. काम कंटाळवाणं आहे, पण कोणतं उपकरण कुठल्या वाटेनं जोडायचं हे त्या चिन्हांवरूनच कळतं. ‘वर्क्स विथ अलेक्सा’, ‘वर्क्स विथ गूगल होम’ अशी अक्षरं शोधा. मध्याकडे टोकं वळवलेले तीन बाण दिसले तर ते ‘मॅटर’चं चिन्ह.

मॅटर म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांची सामाईक भाषा. ॲमेझॉन, ॲपल, गूगल आणि झिगबी अलायन्स (स्मार्ट उपकरणांच्या क्षेत्रातल्या कंपन्यांची संघटना) यांनी डिसेंबर २०१९मध्ये एकत्र येऊन हे काम जाहीर केलं आणि ऑक्टोबर २०२२मध्ये पहिली आवृत्ती आली. त्याआधीच्या खोक्यांवर हे चिन्ह सापडणार नाही. काही जुन्या उपकरणांना मात्र नंतर अपडेटमधून मॅटर मिळालं आहे, म्हणून मूळ ॲपमध्ये जाऊन फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट एकदा बघून घ्याच.

मुख्य ॲप कोणतं ठेवायचं?

घरात कुणाच्या हातात कोणता फोन आहे, ते बघून ठरवा. ॲपल होम फक्त ॲपलच्या उपकरणांवर चालतं. घरात एकाकडे जरी अँड्रॉइड असला तरी ती व्यक्ती बाहेर राहते. गूगल होम, ॲमेझॉनचं अलेक्सा आणि सॅमसंगचं स्मार्टथिंग्ज आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीकडे चालतात. थोडी खटपट करायची तयारी असेल आणि सगळं घरातल्या घरात चालवायचं असेल, तर होम असिस्टंट हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. ते घरातल्याच एका छोट्या संगणकावर बसवतात. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा करताना त्याच्या वाटेला जाऊ नका, आधी सोप्या ॲपवर हात बसू द्या.

मॅटर उपकरणांसाठी त्या ॲपशी जुळणारा, सतत चालू राहणारा स्पीकर, डिस्प्ले किंवा हब (उपकरणांना ॲपशी जोडणारं मधलं यंत्र) घरात असू द्या. उपकरण वायफायऐवजी ‘थ्रेड’ या वायरलेस जाळ्यावर चालणारं असेल, तर त्या हबमध्ये ते जाळं घरच्या नेटवर्कला जोडणारा थ्रेड बॉर्डर राउटरही हवा. तो ॲपलच्या होमपॉड मिनीमध्ये, गूगलच्या नेस्ट हबच्या दुसऱ्या आणि ॲमेझॉनच्या इकोच्या चौथ्या पिढीत आहे, पण प्रत्येक स्पीकरमध्ये असतोच असं नाही.

जोडणी

मॅटरवाली उपकरणं आधी घ्या. फोनचं ब्लूटूथ चालू करा, व्हीपीएन बंद करा आणि फोन घरच्याच वायफायवर ठेवा. पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क नको, कारण त्यावर बहुतेक वेळा उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. वायफायची बरीच स्मार्ट उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झ चालवतात. उपकरण सापडतच नसेल, तर राउटरवर तो बँड चालू आहे का ते बघा.

आता एक प्लग घेऊ. भिंतीत खोचण्याआधी तो उलटा करा. मागे किंवा कडेला क्यूआर कोड आणि त्याखाली ११ आकडी कोड असतो. त्याचा फोटो काढा, कारण प्लग भिंतीत गेला की तो कोड दिसत नाही. मग प्लग लावा, दिवा लुकलुकायला लागला की मुख्य ॲपमध्ये ‘ॲड डिव्हाइस’ निवडून कोड स्कॅन करा. मिनिटभरात काम होतं.

इथे बहुतेकांची गाडी अडते ती एका गोष्टीवर. तोच प्लग दुसऱ्या ॲपलाही जोडायचा असेल, तर छापलेला कोड पुन्हा चालत नाही. ज्या ॲपमध्ये तो आधीपासून आहे, तिथे प्लगच्या सेटिंगमध्ये जाऊन पेअरिंग मोड चालू करा. तिथे नवा कोड मिळतो आणि तो काही मिनिटंच टिकतो, म्हणून दुसरं ॲप शेजारी उघडून तयार ठेवा. हे माहीत नसल्यामुळे मी एकदा प्लग चार वेळा रीसेट केला होता आणि दर वेळी पहिल्या ॲपमधून तो निघून जायचा.

मॅटर नसलेल्या उपकरणांसाठी खाती जोडावी लागतात. आधी उपकरण त्याच्या मूळ ॲपमध्ये नीट चालू करा. मग अलेक्सामध्ये त्या कंपनीचं ‘स्किल’ (अलेक्साला त्या कंपनीशी जोडणारी सोय) सुरू करा किंवा गूगल होममध्ये ‘वर्क्स विथ गूगल होम’च्या यादीतून कंपनी निवडा आणि मूळ ॲपचाच आयडी-पासवर्ड टाका. उपकरणं आपोआप आत येतात. पण ही जोडणी कंपनीच्या सर्व्हरवरून जाते. आमच्याकडे एका रात्री एका कंपनीचा सर्व्हर बंद पडला आणि घरचं इंटरनेट ठणठणीत असूनही बेडरूमचा दिवा ॲपवरून विझेना. तेव्हापासून रोज लागणाऱ्या गोष्टींसाठी मी मॅटरच शोधते. मूळ ॲपचा पासवर्ड बदललात तर ही जोडणी तुटू शकते, तेव्हा ती पुन्हा करावी लागते.

‘झिगबी’ या वेगळ्या वायरलेस पद्धतीवर चालणारे दिवे थेट वायफायवर येत नाहीत. त्यांना घरच्या नेटवर्कशी जोडणारा ब्रिज नावाचा छोटा डबा असतो, तोच मुख्य ॲपला जोडा.

सगळं जोडून झालं तरी मूळ ॲप काढून टाकू नका. फर्मवेअर अपडेट, कॅमेऱ्याचं जुनं रेकॉर्डिंग, दिव्यांचे खास रंग या गोष्टी बहुतेक वेळा तिथेच राहतात. फोनच्या एका फोल्डरमध्ये ती ॲप्स ठेवून द्या.

नावं आणि खोल्या

इथे घाई करू नका. कंपनीनं दिलेली ‘स्मार्ट प्लग ३’ अशी नावं लगेच बदला. आवाजानं चालवणार असाल तर प्रत्येक नाव कानाला वेगळं लागलं पाहिजे. ‘बेडरूम लाइट’ आणि ‘बेडरूम लाइट २’ अशी नावं ठेवलीत तर स्पीकर हमखास गोंधळतो. ‘पलंगाचा दिवा’, ‘कपाटाचा दिवा’ अशी घरात रोज बोलली जाणारी नावं ठेवा आणि स्पीकरला ती कळतात का, ते तिथल्या तिथे बोलून बघा. मग प्रत्येक उपकरण त्याच्या खोलीत टाका.

त्यानंतर एकच रूटीन, म्हणजे एका आज्ञेवर होणाऱ्या कामांची यादी, बनवा: ‘गुड नाइट’ म्हटलं की सगळे दिवे आणि टीव्हीचा प्लग बंद. आठवडाभर ते चाललं की पुढचं जोडा. वीस रूटीन एकाच दिवशी बनवली आणि काही बिघडलं, तर दोष कशात आहे हे शोधता येत नाही.

घरातल्या बाकीच्यांना स्वतःचा पासवर्ड देऊ नका, ॲपमधून सदस्य म्हणून आमंत्रण पाठवा. मग त्यांच्या हातात फोन द्या आणि तुम्ही गप्प बसून बघा. आईला पंखा सापडला नाही, तर नाव किंवा खोली बदला. भिंतीवरचं बटण बंद केलं की स्मार्ट बल्ब ॲपमधूनही दिसेनासा होतो, हेही त्याच वेळी सगळ्यांना दाखवून द्या.