जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेतलीय? पहिले सहा महिने तिची देणी फेडा

गाडी घरी आणली त्या रात्री मी बॉनेट उघडून कूलंटच्या डब्यावर टॉर्च मारला. आत गुलाबी पाणी दिसायला हवं होतं. दिसलं ते गढूळ, तपकिरी, काठाला चिकट साय धरलेलं. आधी कुणीतरी मूळ गुलाबी कूलंटमध्ये मिळेल ते हिरवं ओतलं होतं. मी वही काढली आणि पहिल्या ओळीत ‘पाणी’ लिहिलं. पुढच्या आठवड्यात ती यादी दोन पानं झाली.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत क्वालिटीला आहे, दिवसभर हातात मायक्रोमीटर असतो. वडिलांचं आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेलं. त्यामुळे यंत्राची भीती नाही, पण माझा हा अनुभव एकाच गाडीचा आहे: 2005 सालची काळी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस (ऑक्टाव्हियाचा स्पोर्टी अवतार), एमएच-12 पासिंग, मीटरवर 1,14,000. इंजिन 1.8 टर्बो, म्हणजे 1781 सीसी, चार सिलिंडर आणि प्रत्येकाला पाच व्हॉल्व्ह. आपल्याकडे ती 150 हॉर्सपॉवरची मिळायची. भारतातल्या ऑक्टाव्हिया तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याच्या कारखान्यात जोडल्या जायच्या. दिसायला घरगुती सेदान, पण तिसऱ्या गिअरला टर्बो भरला की पाठ सीटला टेकते. लोक तिच्या प्रेमात का पडतात ते तेव्हा कळतं.

जुनी स्पोर्ट्‌स गाडी घेतली की पहिला पैसा ताकद वाढवायला घालू नका. आधीच्या मालकांनी पुढे ढकललेली कामं आता तुमच्या अंगावर आलेली असतात. ती फेडल्याशिवाय नवं काही लावणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं. माझा हिशेब असा होता: गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी रक्कम पहिल्याच दिवशी वेगळी काढायची. ती सगळी खर्ची पडली.

टायमिंग बेल्ट, आणि त्याच्यासोबत पंप

विकणारा म्हणाला, ‘बेल्ट मागच्याच वर्षी बदललाय.’ बिल मागितलं तर नव्हतं. बिल नाही म्हणजे बेल्ट बदललेला नाही, असंच धरायचं. हा बेल्ट पिस्टन आणि व्हॉल्व्हची लय जुळवतो. या इंजिनात तो तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. असे वीस व्हॉल्व्ह आहेत. वाकलेले व्हॉल्व्ह बदलून हेड पुन्हा बसवण्याचा खर्च गाडीच्या किमतीला भिडतो.

नुसता बेल्ट मागवू नका, पूर्ण संच घ्या: बेल्ट, टेन्शनर रोलर, त्याला दाब देणारा हायड्रॉलिक डॅम्पर आणि पाण्याचा पंप. पंप याच बेल्टवर फिरतो. नंतर पंप गेला तर तीच सगळी खोलाखोल पुन्हा करावी लागते. जुन्या पंपांत आतला पंखा प्लास्टिकचा असायचा. वयानं तो तडकतो किंवा दांड्यावर नुसता सरकतो. बाहेरून गळती दिसत नाही, पण पाणी फिरत नाही आणि घाटात काटा चढायला लागतो. माझा पंप काढल्यावर मी पंखा दोन बोटांत धरून दांडा फिरवला, तर दांडा फिरला आणि पंखा जागेवरच राहिला. विकत घेताना धातूचा पंखा असलेला पंप मागा. थर्मोस्टॅट त्याच दिवशी बदला. हेडच्या बाजूला होज जोडणारा प्लास्टिकचा फ्लँजही बदला, तो हाताच्या दाबानंही फुटतो.

नवा बेल्ट चढल्यावर क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) हातानं, पान्यानं, पूर्ण दोन फेरे फिरवायला लावा आणि क्रँकची व कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) खूण पुन्हा जुळते का ते स्वतः डोळ्यांनी पाहा. मध्ये कुठं अडलं तर जोर लावायचा नाही. थांबायचं आणि खुणा पुन्हा बघायच्या. चावी मारायची ती यानंतरच.

पाणी भरताना जुनं सगळं काढा आणि साध्या पाण्यानं चार-पाच वेळा धुवा, अगदी स्वच्छ निघेपर्यंत. मग गुलाबी जी-12 जातीचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं भरा. बोअरचं पाणी अजिबात नको.

तेल

टर्बोच्या उष्णतेनं या इंजिनात तेल भाजतं आणि वेळेवर बदललं नाही तर त्याचा गाळ होतो. तो गाळ समच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तळाशी असलेल्या तेल ओढणाऱ्या जाळीवर बसतो. जाळी तुंबली की सगळ्यात आधी टर्बोचं बेअरिंग उपाशी राहतं. म्हणून पहिल्या तेलबदलीला सम उतरवा. मिस्त्री म्हणेल, ‘ताई, कशाला, चांगली चाललीय की.’ तरी उतरवा. माझ्या जाळीचा निम्मा भाग काळ्या डांबरानं लिंपलेला होता.

तेलाच्या डब्यावर फोक्सवॅगनचा 502.00 हा आकडा छापलेला पाहिजे. आकडा नसेल तर दुकानदारानं कितीही शपथा घेतल्या तरी घेऊ नका. गाळ निघालेल्या इंजिनाला पहिलं तेल 2,000 किलोमीटरवर टाकून द्या. पुढचं मी दर 7,500 ला बदलते. पन्हाळा किंवा जोतिबा चढून आलात तर शेवटचे दोन किलोमीटर गाडी निवांत चालवा, म्हणजे टर्बो तेलातच थंड होतो. तापलेला टर्बो एकदम बंद केला की आतलं तेल जागच्या जागी जळतं.

सुटलेली हवा

‘पिकअप कमी वाटतोय’ म्हणून नवा टर्बो शोधणारे बरेच भेटतात. बहुतेक वेळा दोष एखाद्या शंभर-दोनशे रुपयांच्या नळीत असतो. इनटेकच्या (इंजिनात हवा जाण्याच्या मार्गाच्या) मागं आणि खाली रबराच्या बारीक नळ्यांचं जाळं आहे. वीस वर्षांच्या उष्णतेनं त्या बिस्किटासारख्या होतात. प्रत्येक नळी हलकेच वाकवून पाहा, तडा दिसला की बदला. स्मोक टेस्ट करणारा गॅरेजवाला जवळ असेल तर उत्तमच. नसेल तर इनटेकमध्ये अगदी हलकी हवा, अर्ध्या बारच्या आत, भरून सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. पंक्चरवाला ट्यूब बुडवून बघतो तसंच.

ॲक्सिलरेटर सोडल्यावर टर्बोची जादा हवा परत वळवणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हची तपासणी घरच्या ओट्यावर होते. व्हॉल्व्ह काढा, आतला पडदा बोटानं आत ढकला आणि व्हॅक्यूमच्या बारीक तोंडावर दुसरं बोट घट्ट दाबा. आता आतलं बोट काढा. पडदा आतच राहिला तर व्हॉल्व्ह चांगला, परत आला तर आतलं रबर फाटलंय. माझा लगेच परत आला. नवा बसवल्यावर चौथ्या गिअरमधला अडखळा गेला आणि मी उगीचच प्लगला ठिणगीची वीज देणारी कॉइल बदलणार होते ते पैसे वाचले.

कॉइलचं म्हणाल तर प्रत्येक प्लगवर एक, अशा चार असतात. इंजिनचा दिवा लुकलुकतोय आणि गाडी थरथरतेय तर ती मिसफायर आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. ॲक्सिलरेटर सोडा. स्कॅनरवर ज्या सिलिंडरचा कोड आला त्याची कॉइल शेजारच्याला लावून बघा. कोड तिच्याबरोबर सरकला तर कॉइल खराब. नाही सरकला तर प्लग किंवा वायरिंग बघा.

ब्रेक आणि टायर

खरं तर हे पहिल्याच दिवशी करायचं. टायरच्या कडेला शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्यावर 3514 होतं, म्हणजे 2014 सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण रबर नखानं दाबलं तर दगड. पावसात कावळा नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबायच्या जागी सरकली आणि मी दुसऱ्याच दिवशी चारही बदलले. हवेचं प्रमाण पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. चाकाचे बोल्ट 120 न्यूटन मीटरनं आवळा, टॉर्क रेंचनं. पाइप घालून त्यावर उभं राहणाऱ्या माणसाच्या हातात ही गाडी देऊ नका.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्या पावसाळ्यात तर फारच. असं जुनं तेल आंबा घाट उतरताना तापून उकळतं, वाफ धरतं आणि पेडल तळाला जातं. डॉट-4 भरा, चारही कॅलिपरमधून जुना रंग जाईपर्यंत काढा आणि दर दोन वर्षांनी हेच करा. पॅड बदलताना कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून पुसून ग्रीस लावायला सांगा. घाट उतरून आल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न्या. चाकाला हात लावू नका, नुसती धग बघा. डावं-उजवं सारखं हवं. एकच चाक पेटल्यासारखं तापलं असेल तर तिकडचा कॅलिपर अडकलाय.

बुश: आवळायचे कधी

ब्रेक मारला की गाडी किंचित मान वळवायची. चाकाला गाडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबर, फाटलेले होते. एका गॅरेजात नवे टाकले आणि चार महिन्यांत पुन्हा तोच आवाज. बुश खोलून पाहिले तर पुढच्या बुशाचं रबर एका बाजूला पिळवटून फाटलेलं. माल चांगला होता, चुकली होती आवळायची वेळ.

गाडी लिफ्टवर असताना चाकं लोंबतात आणि आर्म खाली झुकलेला असतो. त्या अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळला की बुशाची आतली नळी तिथंच जखडते. गाडी जमिनीवर आली, आर्म वर गेला, की रबराला कायमचा पीळ बसतो आणि प्रत्येक खड्ड्यात तो वाढतो. बरोबर पद्धत अशी: बोल्ट नुसता बसता करायचा, गाडी चाकांवर उतरवायची किंवा आर्मला जॅकनं उभ्या गाडीच्या उंचीवर धरायचं, आणि मग शेवटचा टॉर्क द्यायचा. ही एक गोष्ट मिस्त्रीला काम सुरू व्हायच्या आधी सांगा आणि आवळताना शेजारी उभ्या राहा. मिस्त्री चिडला तर चिडू दे, दुसऱ्यांदा बसवलेले माझे बुश दोन पावसाळे झाले तरी शाबूत आहेत. त्यानंतर अलाईनमेंट करा आणि आधीचा व नंतरचा छापील कागद दोन्ही मागून घ्या.

बारकी कामं

खिडकीची काच एक दिवस ‘खट्’ करून दरवाजात पडेल. आतली प्लास्टिकची क्लिप तुटते. पावसाळ्याआधी चारही दरवाजांचं बघून घ्या. दरवाजाच्या आतलं सील पुन्हा नीट चिकटवा, नाहीतर पाणी गालिच्याखाली साठतं आणि कुबट वास येतो. काचेखालच्या खोबणीत साचलेली पानं काढा. बॅटरीची अर्थची पट्टी घासून घट्ट करा, निम्म्या विचित्र दिव्यांचं कारण तिथंच असतं.

कागद

नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतून गाडी आणली तर फॉर्म 28 ची एनओसी. जुनं कर्ज नोंदलेलं असेल तर बँकेचा फॉर्म 35. या गाड्यांनी पंधरा वर्षं ओलांडलीत, तेव्हा फॉर्म 25 भरून नोंदणीचं नूतनीकरण झालंय का आणि पर्यावरण कर भरलाय का हे पैसे देण्याआधी तपासा. नंतर जुना मालक फोन उचलत नाही.

मग मॉडिफिकेशन

हे सगळं झाल्यावर गाडी मुळात कशी होती ते पहिल्यांदा कळतं. माझ्या मनातल्या बदलांची निम्मी यादी तिथंच गळाली.

केलं ते थोडं. चांगल्या प्रतीचे टायर, उष्णता सोसणारे पॅड आणि लोअर आर्मच्या मागच्या बाजूला ऑडी टीटीचे भरीव रबराचे बुश. ते या गाडीत बसतात, आणि स्टिअरिंग असं धारदार होतं की पन्हाळ्याच्या वळणांवर हातात पेन धरल्यासारखं वाटतं. खाली बसवणाऱ्या स्प्रिंग मी टाळल्या. आपले स्पीडब्रेकर पाहता सम वाचवणं महत्त्वाचं.

मॅपबद्दल, म्हणजे इंजिनच्या संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवण्याबद्दल, सगळे विचारतात. हेच 1.8 टर्बो इंजिन कंपनीनं वेगवेगळ्या गाड्यांत 150 पासून 225 हॉर्सपॉवरपर्यंत दिलंय, म्हणजे लोखंडात दम आहे. पण 225 ला टर्बो मोठा होता आणि भोवतालचं बरंच काही वेगळं होतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलंय. न कळवलेल्या बदलावरून विमा कंपनी दावा नाकारू शकते. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर तर पोलीस कोपऱ्यावरूनच ओळखतात, आणि शेजारच्या घरात झोपलेलं बाळही.

माझी गाडी 150 वरच आहे. वहीत आता दोनच ओळी उरल्यात: क्लच, आणि टर्बोला तेल नेणारी नळी. नळी मागवलीय, ती आली की सम पुन्हा उतरवून जाळी बघणार आहे.