हा बॉल त्याच मॅचचा कशावरून?

गेल्या दिवाळीत चाळीतला एक मुलगा काचेच्या डबीत बॉल घेऊन माझ्याकडे आला. पांढरा, पण पार काळवंडलेला, चारी बाजूंनी सोलवटलेला. "काकू, २०११ च्या फायनलचा आहे. इंडियाची अख्खी बॅटिंग याच बॉलवर झाली. धोनीची सिक्सपण हाच. विकणारा चाळीस हजार मागतोय, उद्या सकाळपर्यंत सांगायचंय."

मी डबी उघडलीच नाही. त्याला म्हटलं, आधी बस आणि त्या माणसाने जे जे सांगितलं ते सगळं कागदावर लिहून काढ.

मी तेवीस वर्षं मुंबईच्या मैदानांवर स्कोअरिंग करते. त्यामुळे नायगाव-दादरकडचे लोक कपाटातून निघालेले, कुणी भेट दिलेले, चोरबाजारात शुक्रवारी मिळालेले बॉल माझ्याकडे आणतात. माझी पद्धत इथे लिहिते आहे, कारण ती कुणालाही घरी करता येते आणि तिने बरेच पैसे वाचतात.

सुरुवात बॉलपासून करायची नाही, गोष्टीपासून करायची. कोणती मॅच, कोणता डाव, साधारण कितवी ओव्हर, बॉल कुणी उचलला, त्याच्याकडून कुणाकडे गेला, मधली वर्षं कुठे होता. हे लिहून घ्या आणि खाली तारीख टाका. तोंडी गोष्ट दर भेटीत थोडी बदलते, लिहिलेली बदलता येत नाही. मग स्कोअरकार्ड काढा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा: या डावात बॉल किती असू शकतात?

त्या मुलाचं उत्तर तिथेच मिळालं. त्या काळी वनडेत ३४ ओव्हर झाल्या की बॉल सक्तीने बदलायचे. पांढरा बॉल काळा पडून दिसेनासा व्हायचा, म्हणून त्याऐवजी वापरलेला पण स्वच्छ बॉल दिला जायचा. फायनलमध्ये आपला डाव ४८.२ ओव्हरचा. म्हणजे अख्खी बॅटिंग आणि शेवटची सिक्स दोन्ही एकाच बॉलवर होऊच शकत नाही. बॉल कितीही जुना दिसो, गोष्ट पडली. नंतर ऑक्टोबर २०११ पासून दोन टोकांनी दोन नवे बॉल आले, म्हणजे एक बॉल जास्तीत जास्त २५ ओव्हरच चालायचा. त्या काळातल्या वनडेचा म्हणून पन्नास ओव्हर मार खाल्लेला बॉल कुणी दाखवला, तर तो वनडेचा नाही.

टेस्टचा हिशोब वेगळा. ८० ओव्हरनंतर नवा बॉल घेता येतो. डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर न्यूझीलंडच्या एजाझ पटेलने आपल्या डावातल्या दहाही विकेट घेतल्या, ११९ धावांत. तो डाव १०९.५ ओव्हर चालला. त्यामुळे 'दहा विकेटचा बॉल' असं कुणी म्हटलं की मी पहिलं विचारते, नवा बॉल कितव्या ओव्हरला घेतला आणि त्याआधी किती विकेट पडल्या होत्या? चांगला स्कोअरर नवा बॉल घेतल्याची नोंद ठेवतोच. ती नोंद मिळाली तर अर्धं काम झालं.

अमेरिकेत बेसबॉलवाल्यांनी यावर पक्का उपाय काढला आहे. तिथे एका मॅचमध्ये डझनावारी बॉल वापरले जातात, एकेक बॉल काही फेकींपुरताच. नंतर त्यांच्यात फरक करणं अशक्यच. म्हणून २००१ पासून मेजर लीगचा, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचा, माणूस मैदानालगत बसलेला असतो, बहुतेक वेळा पोलिसातला आजी किंवा माजी कर्मचारी. त्याच्या डोळ्यांसमोर बॉल खेळातून बाहेर आला तरच त्यावर नंबर असलेलं होलोग्रामचं स्टिकर लागतं. त्याने पाहिलं नसेल तर स्टिकर नाही, मग खुद्द खेळाडूने सांगितलं तरी. मला हा नियम फार पटतो. माझ्यापुढे आलेल्या एकाही बॉलवर तसं स्टिकर नव्हतं, म्हणून आपल्याला उलट्या बाजूने जावं लागतं: बॉल कुठला नाही हे ठरवत जायचं.

आता बॉल हातात घ्या. हात धुऊन, पूर्ण कोरडे करून, खिडकीतल्या उजेडात. खाली पांढरा कागद पसरा. काही गळून पडलं तर ते दिसलं पाहिजे.

वजन करा. पुरुषांचा नवा बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅमचा, बायकांचा १४० ते १५१ चा. घेर पुरुषांच्या बॉलचा २२.४ ते २२.९ सेंटिमीटर, शिंप्याच्या टेपने मोजता येतो. वर्षानुवर्षं कपाटात सुकलेला बॉल थोडा हलका भरतो, पण १४४ ग्रॅमचा 'रणजीचा बॉल' मला एकदा दाखवला होता. तो मुलांचा किंवा बायकांचा बॉल होता. विकणाऱ्याला बहुधा स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

मग कंपनीचा शिक्का. आपल्याकडच्या टेस्टला मेरठचा एसजी, वनडे आणि आयपीएलला पांढरा कुकाबुरा, इंग्लंडमधल्या टेस्टला ड्यूक्स. शिक्का पुसला गेला असेल तर शिवण बघा. एसजीचे टाक्यांचे सहाही पट्टे हाताने घातलेले असतात आणि शिवण उठून दिसते. कुकाबुराचे मधले दोनच हाताचे, बाहेरचे मशीनचे, एकसारखे. या एका गोष्टीवरून केवढा घोळ होऊ शकतो ते वेस्ट इंडिजच्या गॅरी सोबर्सच्या बॉलने दाखवलं. १९६८ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झीला त्यांनी ग्लॅमॉर्गन संघाच्या माल्कम नॅशच्या एका ओव्हरमध्ये सहा सिक्स मारल्या. 'त्या ओव्हरचा बॉल' २००६ मध्ये लंडनच्या लिलावात २६,४०० पौंडांना गेला. तो ड्यूकचा होता. आणि नॅश म्हणत होते की आमचा संघ सरीज कंपनीचे बॉल वापरायचा. बॉल टाकणारा माणूस हयात होता, पण बोली लागण्याआधी त्याला विचारायला हवं होतं.

यापुढचं काम मला सगळ्यात आवडतं. सोनाराचं भिंग घ्या, टॉर्च बाजूने तिरकी धरा आणि शिवणीच्या खाचेत बघा. वानखेडेची खेळपट्टी लाल मातीची. ती माती पांढऱ्या दोऱ्याच्या पिळात जाऊन बसते, विटकरी ठिपके दिसतात. कानपूर काळ्या मातीसाठी ओळखलं जातं. कानपूरचा म्हणून आणलेल्या बॉलच्या खाचेत नुसती विटकरी धूळ असेल तर मी बॉल परत करते. उलटं मात्र खरं मानू नका. लाल माती सापडली म्हणजे वानखेडे सिद्ध झालं असं नाही, लाल माती अनेक मैदानांवर आहे.

मग कातडं. खऱ्या बॉलला दोन चेहरे असतात. एक बाजू पँटवर घासून घासून राखलेली, दुसरी सोडून दिलेली. राखलेल्या बाजूवरही ओरखडे असतातच, पण त्यांच्या कडा चमकेखाली दबून गोल झालेल्या असतात, कारण लागल्यानंतरही ती बाजू घासली गेली. सँडपेपरने जुना केलेला बॉल सगळीकडून सारखाच खरखरीत लागतो, रेघा एकाच दिशेने जातात आणि एकसारख्या खोल असतात. नख हळूच फिरवलं तरी कळतं.

सही असेल तर भिंग सहीवर न्या. शाई ओरखड्यात उतरली आहे, की ओरखड्याने शाई कापली आहे? शाई ओरखड्यात उतरली असेल तर बॉल आधी खेळला, सही नंतर झाली. हा क्रम बरोबर. ओरखड्याने शाई कापलेली असेल तर कोऱ्या बॉलवर सही घेऊन मग तो जुना केला आहे. सही केलेला बॉल घेऊन कुणी मॅच खेळत नाही. फक्त या एका खुणेवरून मी आजवर चार बॉल नाकारले आहेत. सही खरी होती, बॉल नव्हता.

मॅचचे फोटो मिळाले तर शिक्क्याची जागा आणि मोठे ओरखडे ताडून बघा. क्रिकेटच्या बॉलचा इतका जवळून फोटो क्वचितच सापडतो, त्यामुळे यात फार वेळ घालवू नका.

आणि काहीही झालं तरी बॉल पुसू नका. हे मी घरच्या अनुभवावरून सांगते. माझ्या बाबांनी कांगा लीगमध्ये, म्हणजे मुंबईतल्या पावसाळी स्पर्धेत, क्रॉस मैदानावर सात विकेट घेतल्या होत्या. भर पावसातली मॅच, ओल्या खेळपट्टीवर. तो बॉल आणि बाबांचा दुसरा एक, उन्हाळ्यातल्या मॅचचा, दोन्ही ट्रंकेत होते. मी अकरावीत असताना त्यांच्या वाढदिवसाला दोन्ही बॉल काढले, जुन्या टूथब्रशने खाचा साफ केल्या, चेरीचं लाल पॉलिश लावलं आणि फडक्याने चमकवले. बाबांनी ते हातात फिरवून बघितले, छान दिसतात म्हणाले. पावसातला बॉल ओळखायची खूण म्हणजे खाचेत सुकलेला चिखल आणि पाण्याने फुगून बसलेलं कातडं. चिखल मी काढून टाकला होता आणि कातड्यावर पॉलिशचा थर दिला होता.

मुंबईच्या हवेत बॉलला पावसाळ्यात बुरशी येतेच. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका. सुती कापडात सैल गुंडाळा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बघा. पांढरी बुरशी दिसली तर कोरड्या मऊ ब्रशने फक्त कातड्यावरून काढा, शिवणीला हात लावू नका. उन्हात ठेवू नका, कातडं तडकतं.

सोबत चिठ्ठी ठेवा. तुम्ही स्वतः काय पाहिलंत आणि दुसऱ्याने काय सांगितलं, हे दोन वेगळ्या ओळींत लिहा. स्कोअरबुकाच्या पानाची प्रत जोडा. चाळीतल्या त्या मुलाने बॉल घेतला नाही, पण स्वतः लिहिलेला कागद मात्र घरी नेला.

बाबांच्या मॅचचं स्कोअरबुकाचं पान मी क्लबमधून मिळवलं आहे, सातही विकेट ओव्हरनिशी आहेत. ते पान आणि दोन्ही बॉल स्टीलच्या एकाच डब्यात ठेवले आहेत. चिठ्ठीवर लिहिलं आहे: 'क्रॉस मैदान, सात विकेट. या दोघांपैकी एक.'